ओसाकाचं तेन्जिनबाशिसुजी: जपानमधला सगळ्यात लांब छताखालचा बाजार आणि तो नीट कसा बघायचा

ओसाकाला फिरायला येणारी आपली बहुतेक मंडळी दोतोनबोरीच्या त्या धावणाऱ्या माणसाच्या बोर्डासमोर फोटो काढतात, कुरोमोन मार्केटमध्ये काडीला लावलेलं काहीतरी महागडं खातात, किल्ला बघतात आणि दुसऱ्या दिवशी क्योतोला पळतात. त्यांच्या हातात एक दिवस जास्त असेल तर मी त्यांना हक्काने तेन्जिनबाशिसुजीला पाठवते. अर्धा दिवस असेल तरी पाठवते, किल्ला बाहेरून बघा हवं तर पण हे सोडू नका. आम्ही नोकरीच्या निमित्ताने या भागात राहतो, माझी भाजी, चहापत्ती, मुलीच्या वह्या, नवऱ्याचे पावसाळी बूट, छत्र्या सगळं इथूनच येतं, त्यामुळे हा रिव्ह्यू एकदा चक्कर मारून गेलेल्या माणसाचा नाहीये, रोजच्या गिऱ्हाईकाचा आहे.

आधी हे आहे काय ते सांगते. जपानमध्ये जुन्या वस्तीतून जाणारा, दोन्ही बाजूंना दुकानं असलेला, वरून छत घातलेला आणि गाड्यांना बंदी असलेला रस्ता म्हणजे शोतेंगाई. प्रत्येक शहरात असतात. ओसाकाच्या किता वॉर्डातलं तेन्जिनबाशिसुजी हे त्यातलं सगळ्यात लांब, उत्तर-दक्षिण जवळजवळ सरळ रेषेत २.६ किलोमीटर, आणि साधारण ६०० दुकानं. मॉलसारखा हा कुणा एका कंपनीचा नाही, चोमे म्हणजे आपल्याकडच्या पेठेचा एखादा तुकडा म्हणा, तशा एक ते सहा-सात चोमेंमधून हा रस्ता जातो आणि ज्या त्या चोमेच्या दुकानदारांची आपापली संघटना आहे, आपापलं छत, आपापली सजावट. म्हणून चालताना मध्येच छताचा रंग बदलतो, दिवे बदलतात, लाउडस्पीकरवरचं गाणंसुद्धा बदलतं. मध्ये मोठे रस्ते आडवे येतात तिथे छत तुटतं, सिग्नलला थांबायचं, पलीकडे परत छत सुरू. पावसाळ्यात त्या सिग्नलवर सगळ्यांच्या छत्र्या एकदम उघडतात आणि पलीकडे गेल्यावर एकदम मिटतात.

आता माझा पक्का सल्ला, उत्तरेकडून सुरू करा आणि दक्षिणेला नदीपाशी संपवा. बरेच जण दक्षिणेच्या तेन्मांगू देवळापासून सुरू करून वर जातात, मला ते पटत नाही, कारण वरच्या टोकाला सकाळी उघडणारं म्युझियम आहे आणि खालच्या टोकाला संध्याकाळी बसायला नदीकाठ आहे. तेन्जिनबाशिसुजी रोकुचोमे हे स्टेशन पकडायचं, लोक त्याला नुसतं तेनरोकु म्हणतात, सबवेच्या सकाइसुजी आणि तानिमाची या दोन्ही लाइन्स तिथे येतात, हांक्यू या खासगी रेल्वेची गाडीही येते. स्टेशनच्या वरच्याच बिल्डिंगमध्ये आठव्या मजल्यावर ओसाकाचं घरं आणि राहणीमान दाखवणारं म्युझियम आहे, २००१ साली उघडलेलं. आधी दहाव्या मजल्यावर नेतात, तिथून खाली बघितलं की १८३० च्या आसपासच्या ओसाकाची एक अख्खी गल्ली दिसते, खऱ्या मापाची, कौलारू छपरं, औषधांचं दुकान, कापडाचं दुकान, मागे भाडेकरूंची चाळ, विहीर, आणि मग नवव्या मजल्यावर उतरून त्या गल्लीत आपण प्रत्यक्ष फिरायचं. चपला काढून घरात शिरता येतं. छतावरच्या दिव्यांनी सकाळ होते, संध्याकाळ होते, मध्येच ढग गडगडतात. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्या एका घराच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे कितीतरी वेळ बसून राहिल्या, पोरं कंटाळली पण त्यांना काही उठवेना. मी गेले तेव्हा तिकीट ६०० येन होतं आणि मंगळवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा. या म्युझियमने सुरुवात करायचं आणखी एक कारण म्हणजे ती गल्ली बघून खाली बाजारात उतरलं की लगेच कळतं की पुढे दुकान मागे घर, अरुंद तोंड आणि आत लांबच लांब, हा सगळा ढाचा अजून तसाच आहे फक्त वर पत्रा आणि ट्यूबलाइट आलीये.

सहा आणि पाच चोमे म्हणजे गजबज. कपडे, मोजे, औषधं, फळं, पाचिंको म्हणजे जुगारासारख्या मशीन्सची पार्लर, लोणच्यांचे पिंप, सगळं एकाला एक चिकटून. आजीबाई सायकल हातात धरून चालताहेत, पुढच्या बास्केटमध्ये मुळा आणि कांद्याची पात. तुळशीबागेतली गर्दी आठवते मला, फक्त कुणी ओरडून बोलवत नाही, दुकानदार दारात उभा राहून एका सुरात "या, या" म्हणत राहतो आणि तुम्ही आत गेलात की गप्प होतो, मग तुम्ही अर्धा तास बघा कुणी मागे मागे येत नाही. जेआरच्या लूप लाइनचा पूल जिथे डोक्यावरून जातो ते तेन्मा स्टेशन, ओसाका स्टेशनपासून एकच स्टेशन आहे, आणि खरी मजा या स्टेशनच्या आजूबाजूच्या बोळांत आहे. दुपारी ओसाड वाटतात, संध्याकाळी पाचनंतर कंदील लागले की ओळखू येत नाहीत. आठ-दहा माणसं मावतील एवढ्याच जागा, काही ठिकाणी तर उभ्यानेच खायचं-प्यायचं. इथेच तेन्मा मार्केट आहे, भाजी आणि मासळी मिळून, हॉटेलवाले पण इथून नेतात आणि आमच्यासारखे पण. भाजीला या भागात नाव आहे ते उगाच नाही, खाली नदीकाठी १६५३ पासून ते १९३१ पर्यंत ओसाकाचा मोठा भाजीबाजार भरायचा, दोजिमाला तांदूळ, झाकोबाला मासळी आणि तेन्माला भाजी, अशी शहराची तीन पोटं होती.

मासे खाणाऱ्यांसाठी पाच चोमेमध्ये हारुकोमा नावाचं सुशीचं दुकान आहे, नेहमी रांग असते, जवळच त्यांचीच दुसरी शाखा आहे तिथेही रांग असते. माशाचा तुकडा भाताच्या बाहेर लोंबतो इतका मोठा आणि भाव अगदी रोजच्या खिशाचे. बारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतर जाऊच नका, दुपारी तीन-साडेतीनला जा. चिठ्ठीवर लिहून ऑर्डर द्यायची असते. झगमगाट नाही, टेबलं जवळजवळ, खाऊन झालं की उठायचं, पण ताज्या मालाला तोड नाही.

आता शाकाहारी मंडळींचा प्रश्न, कारण मला सगळ्यात जास्त हेच विचारतात. खरं सांगायचं तर अवघड आहे पण अशक्य नाही. अडचण दिसणाऱ्या माशाची नसतेच, दाशीची असते. उदोन या जाड नूडल्सचं पाणी, ताकोयाकी या ऑक्टोपस घातलेल्या गोळ्यांचं पीठ, अंड्याची रोल, भाजीची उसळ म्हणावी असं काही, सगळ्यात वाळवलेल्या बोनितो माशाच्या पाण्याचा रस असतो, आणि विचारलं तर दुकानदार अगदी मनापासून सांगतो की यात मासा नाही, कारण त्याच्या हिशोबी दाशी म्हणजे मासा नव्हेच. एका जेवणाच्या ठिकाणी आमच्या ओळखीच्या काकांना नुसती भाजी आहे म्हणून दिलेल्या वाटीवर वरून माशाचे पापुद्रे हलत होते. त्यामुळे "मासा आहे का" असं विचारू नका, "कात्सुओ दाशी आहे का" असं विचारा. बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे भाजलेलं रताळं, लाल चण्यासारख्या अझुकीचं गोड सारण भरलेले मोची म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, साधे तांदळाचे कुरकुरीत सेंबे, कापलेली फळं, सोयाबीनच्या पिठात घोळवलेले जेलीसारखे मऊ वाराबीमोची. तायाकी म्हणजे माशाच्या आकाराचा गोड केक, त्यात अंडं असतं बहुतेक, ते चालत असेल तर गरम गरम शेपटीपासून सुरुवात करा.

आणि एक वस्तू शाकाहारी माणसाने इथून घेऊन जावीच, ती म्हणजे कोंबू, वाळवलेलं जाड समुद्री शेवाळ. ओसाकात कोंबू पिकत नाही, ते येतं पार उत्तरेच्या होक्काइदोहून, पण जुन्या काळी कितामाएबुने नावाची मालवाहू गलबतं जपानच्या पश्चिम किनाऱ्याने ते ओसाकाला आणायची आणि इथले व्यापारी त्यावर पुढचं काम करायचे, म्हणून ओसाकाचा स्वयंपाक कोंबूवर उभा आहे. दुकानात गेलात तर नुसतं पाकीट उचलू नका, रसासाठी हवंय की खायला हवंय ते सांगा, रसाचं वेगळं असतं. वर पांढरी भुकटी दिसते ती बुरशी नव्हे, धुऊन टाकू नका, तीच चव आहे. रात्री थंड पाण्यात बोटभर तुकडा टाकून ठेवायचा, सकाळी मंद गॅसवर गरम करायचं, उकळी यायच्या आत तुकडा काढायचा, नाहीतर बुळबुळीत होतं. त्यात वाळवलेले शिताके मशरूम भिजवून घातले तर घरी अगदी शुद्ध शाकाहारी मिसो सूप होतं, आणि मी तर तो रस आमटीतही घालते, भाताबरोबर फार छान लागतो. बॅगेत वजन नाही, वर्षभर टिकतं, भेट म्हणूनही उत्तम.

चहाच्या दुकानाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. होजिचा म्हणजे भाजलेली हिरवी चहापत्ती, ती जिथे दुकानाच्या तोंडाशीच भाजतात तिथला वास दोन दुकानं आधीपासून येतो. एक छोटा पत्र्याचा पिंप आडवा फिरत असतो, खाली आच, आत पत्ती सळसळत असते, आणि मालक मध्ये मध्ये मूठभर काढून हातावर घेऊन रंग बघतो, नाकाशी नेतो, परत टाकतो. थर्मामीटर वगैरे काही नाही. तुम्ही उभे राहिलात की एक छोटा कप पुढे करतात, घ्यायलाच हवं असं नाही. मी नेहमी त्या दिवशी भाजलेली शंभर ग्रॅम घेते, कागदी पिशवी घरी पोचेपर्यंत कोमट असते. आपल्या दूध-साखरेच्या चहाची सवय असलेल्यांना माच्या या हिरव्या चहाच्या पुडीपेक्षा हा लवकर आवडतो, कडू नाही आणि भाजकं लागतं, शिवाय कॅफीन कमी म्हणून रात्रीही चालतो. ज्यांना जपानहून काय आणू असं विचारायची सवय आहे त्यांना मी हेच सांगते, चॉकलेटं विमानतळावर मिळतातच.

चार चोमे मी पटकन पार करते, तिथे बऱ्याचशा चेन दुकानांनीच जागा घेतलीये. बरोबर लहान मुलं असतील तर मात्र इथून बाहेर पडून ओगिमाची पार्कला जा, मोठं मोकळं मैदान आहे आणि शेजारीच किड्स प्लाझा ओसाका आहे, १९९७ साली उघडलेलं, आतला वाकड्यातिकड्या रंगीत मनोऱ्यांचा भाग हुंडर्टवासर या ऑस्ट्रियन कलाकाराने डिझाइन केलेला आहे. पोरांना तिथून काढणं कठीण, त्यामुळे बाजार नीट बघायचा असेल तर दोघांपैकी एकाने पोरांबरोबर थांबावं.

तीन आणि दोन चोमे मला सगळ्यात जास्त आवडतात. छताला रंगीत तोरी, म्हणजे देवळाच्या त्या कमानी, ओळीने लावल्यात, देऊळ जवळ आल्याची खूण. इथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, १९०७ पासूनच्या तेन्ग्यू शोतेनचं इथलं दुकान तर आवर्जून बघा, बाहेर स्वस्त पुस्तकांचे ट्रे आणि आत जुने नकाशे, कलेची पुस्तकं, छापील चित्रं. जपानी वाचता येत नसलं तरी चित्रांची पुस्तकं आणि नकाशे बघायला काय हरकत आहे. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीची जपानी भाषेची परीक्षा होती, ती तर इथे तासभर हरवलीच, जुनी शाळेची पुस्तकं घेऊन निघाली. सुऱ्यांची, भांड्यांची, गेता म्हणजे लाकडी चपलांची दुकानंही याच भागात दिसतील. सुरी घेतलीत तर चेक-इन बॅगेतच टाका.

जपानभर अशा शोतेंगाई मरताहेत, याचं मला खरंच वाईट वाटतं. छोट्या शहरांत गेलात तर अख्ख्या रस्त्याची शटर्स खाली दिसतात, लोक गाडी काढून शहराबाहेरच्या मोठ्या मॉलला जातात, दुकानदार म्हातारे झाले आणि मुलांना दुकान नकोय. इथे मात्र ओसाका स्टेशनभोवतीच्या उमेदा भागातली अजस्र डिपार्टमेंट स्टोअर्स एका स्टेशनावर असूनही हा रस्ता भरलेला असतो. माझ्या मते त्याचं कारण फार साधं आहे, या रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरावर स्टेशनं आहेत, वर आणि मागे माणसं राहतात, ऑफिसं आहेत, आणि ती सगळी रोज ये-जा करताना इथूनच मुळा नेतात. म्हणजे हा बाजार पर्यटकांच्या जिवावर नाही, आणि म्हणूनच पर्यटकांनी यावं असा आहे. नुसता फोटो काढून जाऊ नका, काहीतरी घ्या, पन्नास ग्रॅम का होईना.

दोन चोमेमध्ये नाकामुराया नावाचं कोरोक्केचं छोटं दुकान आहे, बटाट्याचं कुरकुरीत पॅटिस म्हणा, रांग दिसेलच. रांग मोठी असली तरी पटपट सरकते, कागदात गुंडाळून हातात देतात आणि इतकं गरम असतं की थोडं थांबावंच लागतं. आतला बटाटा गोडसर. नॉनव्हेज खाणाऱ्यांनी घ्यावंच, शाकाहारी लोकांनी मात्र कोरोक्के म्हणजे नुसता बटाटा समजू नये, जपानमध्ये बहुतेक ठिकाणी आत थोडा खिमा असतो आणि तळायला चरबीही वापरतात.

मग डावीकडे वळलं की ओसाका तेन्मांगू. हा सगळा बाजार खरंतर या देवळाच्या वाटेवर वाढलेला आहे. सुगावारा नो मिचिझाने नावाचा विद्वान आणि दरबारी, त्याच्याविरुद्ध कारस्थान झालं आणि ९०१ साली त्याला दूर दाझाइफूला पाठवून दिलं, तिथेच ९०३ मध्ये तो गेला, पुढे तो विद्येचा देव म्हणून पुजला जाऊ लागला आणि हे देऊळ ९४९ मध्ये उभं राहिलं. आत्ताची मुख्य इमारत १८४३ ची आहे, कारण १८३७ मध्ये इथे मोठी आग लागली होती. त्या आगीची गोष्ट प्रत्येकाने वाचावी अशी आहे. दुष्काळ पडलेला, तांदूळ श्रीमंत व्यापाऱ्यांच्या कोठारात, आणि तेन्मातच राहणारा ओशियो हेइहाचिरो नावाचा निवृत्त पोलीस अधिकारी आणि शिक्षक, त्याने आपली पुस्तकं विकून गरिबांना पैसे वाटले आणि शेवटी बंड केलं. बंड एका दिवसात मोडलं पण आगीत शहराचा मोठा भाग गेला. वरच्या म्युझियममधली गल्ली याच काळातली, त्यामुळे ती आधी बघितली असेल तर देवळात उभं राहून हे सगळं जास्त जाणवतं.

देवळाच्या आवारात बसलेल्या बैलाच्या मूर्ती आहेत, बैल हा या देवाचा सेवक, मुलं त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात की बुद्धी मिळावी. सासूबाईंनी काही न सांगता आपल्या पद्धतीने पायाला हात लावून नमस्कार केला, शेजारच्या जपानी आजींनी त्यांच्याकडे बघून मान लववली. जानेवारी-फेब्रुवारीत परीक्षांचा मोसम, तेव्हा लाकडी पाट्यांवर पोरांनी लिहिलेल्या इच्छांचा खच पडलेला असतो, कॉलेजचं नाव, कोणती शाखा, सगळं अगदी तपशिलात. त्याच सुमारास आवारात उमेची, म्हणजे जपानी प्लमची, फुलं येतात.

देवळाच्या उत्तरेच्या अंगाला हान्जोतेई हे राकुगोचं थिएटर आहे. एक कलाकार, गादीवर बसून, हातात फक्त पंखा आणि रुमाल, आणि एकट्याने सगळी पात्रं करत विनोदी गोष्ट सांगायची. ओसाकात युद्धानंतर साठ वर्षं राकुगोचं कायमचं थिएटरच नव्हतं, कलाकारांनी आणि या बाजारातल्या लोकांनी धडपड केली, देवळाने जागा दिली, लोकांनी देणग्या दिल्या आणि २००६ मध्ये हे उभं राहिलं. ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं लिहिलेले कंदील आत-बाहेर लावलेत. जपानी येत नसेल तर पूर्ण खेळ जड जाईल, पण दुपारच्या खेळाआधी दारात ढोल वाजतो तो ऐकायला तरी थांबा.

देवळाच्या पुढच्या दाराजवळ एक छोटा दगड आहे, यासुनारी कावाबाता, जपानला साहित्याचं पहिलं नोबेल १९६८ मध्ये मिळवून देणारे लेखक, त्यांचा १८९९ मधला जन्म इथला. तिथून एक चोमेचा शांत तुकडा उतरला की ओकावा नदी आणि तेन्जिनबाशी पूल, आत्ताचा पूल १९३४ चा आहे. पुलाखाली नाकानोशिमा बेटाचं टोक आहे, बाकं आहेत, पाय मोकळे सोडून बसा.

न आवडलेल्या गोष्टीही सांगते. पाचिंकोचं दार उघडलं की कान बधिर होतात. एकाच रंगाची एकाच मालाची औषधांची दुकानं जरा जास्तच झालीत. बरेच सायकलवाले उतरायची पाटी असूनही उतरत नाहीत, लहान मुलाचा हात धरून ठेवा. बसायला बाक फार कमी, म्हाताऱ्या माणसांना २.६ किलोमीटर सलग नेऊ नका, मध्येच तेन्मा किंवा ओगिमाचीला गाडी पकडता येते. कचऱ्याचे डबे नाहीतच, जिथून खाल्लं तिथेच कागद परत द्यायचा, चालता चालता खाऊ नका. जुन्या दुकानांत अजून रोख पैसेच चालतात. आणि खाऊ बांधून नेला तर टॅक्स ८ टक्के, बसून खाल्लं तर १०, म्हणून बिल वेगळं दिसलं तर भांडू नका.

दुकानं साधारण दहाला उघडतात आणि सात-आठला मिटतात, आठवड्यात एखादा दिवस बंद असतात पण सगळी एकाच दिवशी नाही. उन्हाळ्यात येत असाल तर २४ आणि २५ जुलैला तेन्जिन मात्सुरी हा या देवळाचा उत्सव आहे, २५ च्या संध्याकाळी ओकावावर शंभरेक होड्यांची मिरवणूक आणि आतषबाजी, बघावीच अशी, पण त्या दिवशी खरेदी विसरा आणि दुपारीच नदीकाठी जागा धरा. एप्रिलमध्ये येत असाल आणि साधा साकुरा म्हणजे चेरीचा बहर चुकला असेल तर नदीकाठच्या टाकसाळीच्या आवारात दाट पाकळ्यांची उशिरा फुलणारी झाडं आहेत, एप्रिलच्या मध्याला आठवडाभरच उघडतात, १८८३ पासून चालू आहे, देवळापासून चालत पंधरा-वीस मिनिटं, हल्ली आधी नाव नोंदवावं लागतं, ते घरूनच करून या.